घरी काय म्हणतात?

आमच्या सरकारी इस्पितळात एका बाईचं पित्ताशय काढायचं होतं, आणि त्यासाठी तिच्या जावेला टेबलावर घेतलं. जाऊ भेटायला आली होती. उकडत होतं म्हणून रिकाम्या खाटेवर जरा आडवी झाली, तेवढ्यात स्ट्रेचर आलं. "तुम्ही सान्ता मेदिना ना, माझ्या राणी?" सिस्टरने विचारलं. जाऊ म्हणाली, "हो." असं का म्हणालात, हे पुढे चौकशी समितीने विचारलं, तेव्हा तिने उत्तर दिलं, "एवढं गोड विचारलं, तर तोंडावर नाही कसं म्हणायचं?"

ती वाचली ती राजम्यामुळे. भूल द्यायच्या आधी तिने विचारलं, "फार वेळ लागेल का हो? मी चुलीवर राजमा ठेवून आलेय." भूल देणाऱ्या डॉक्टरांना संशय आला. पोटात काही न घेता आदल्या दिवसापासून झोपून असलेली बाई राजमा कधी ठेवून आली?

ही गोष्ट आमच्या गावात, पुएर्तो कोरालमध्ये, दुपारपर्यंत विनोद झाली होती. राजधानीत पोचेपर्यंत तिचं प्रकरण झालं. आरोग्य खात्याकडून कळवण्यात आलं की शस्त्रक्रिया वॉर्डाच्या शुश्रूषेची तपासणी होईल; त्यात वॉर्ड नापास झाला, तर इथली ऑपरेशनं आणि रक्त चढवणं बंद, आणि सगळे रुग्ण राजधानीला.

राजधानीचा रस्ता डोंगरातून जातो. पूल एक वाहून गेलाय, दुसरा जायच्या विचारात आहे. वॉर्डाच्या प्रमुख नेरेइदा सिस्टर त्या रस्त्याने रुग्णवाहिकेतून कितीतरी वेळा गेल्या आहेत. पत्र आलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "परत येताना गाडीत जिवंत फक्त मी आणि ड्रायव्हर, असं फार वेळा झालंय. आता नको."

मी इस्पितळाच्या गुणवत्ता समितीचा सचिव. विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकलो आणि माझ्याकडे स्वतःचा लॅपटॉप होता, या दोन पात्रतांपैकी दुसरीवर निवड झाली. समितीत संचालक डॉक्टर एस्पिनाल, नेरेइदा सिस्टर आणि मी. डॉक्टर एस्पिनाल बैठकीला येत नसत. ते बैठकीचा फोटो काढायला येत.

नेरेइदा सिस्टरनी पहिल्याच बैठकीत रोगाचं निदान केलं. "आपल्याकडे दोन दुखणी आहेत," त्या म्हणाल्या. "एक, आपल्या पोरी सगळ्यांना राजा आणि राणी म्हणतात. वॉर्डात सगळेच राजे असले तर गोळी कुठल्या राजाची? आणि दोन, आपले लोक कशालाही हो म्हणतात."

म्हणून नियम झाले. कुणाला राजा म्हणायचं नाही. 'तुम्ही अमुक का?' असं विचारायचं नाही. 'तुमचं पूर्ण नाव सांगा, जन्मतारीख सांगा' असं विचारायचं आणि मनगटावरच्या पट्टीशी ताडून बघायचं. गोळी असो, सुई असो, नाहीतर नुसता ताप बघायचा असो.

पहिल्या दिवशी वॉर्डात शोककळा पसरली. "सिस्टर माझ्यावर रागावल्यात का?" एका आजोबांनी मुलीला विचारलं. "काल राजा म्हणत होत्या, आज जन्मतारीख विचारतात. पोलिसात कळवलंय की काय?"

मग नेरेइदा सिस्टरनी त्याचा चक्क सामनाच करून टाकला. इथे बेसबॉलचा मोसम चालू होता, आणि आमच्या गावात कुठलीही गोष्ट खेळ झाली नाही तर ती होत नाही. सकाळची पाळी निळी, दुपारची पिवळी. भिंतीवर फळा. सिस्टरच्या तोंडून 'राजा' निघाला की ती बाद. नाव, तारीख, पट्टी तिन्ही बरोबर झालं की एक धाव. पंच कोण? रुग्ण. रुग्णांचे नातेवाईक हे प्रेक्षक, आणि ते तर घरून खुर्च्या घेऊन यायला लागले.

"बाद! बाद! 'राजा' म्हणाली, मी ऐकलं!" बद्धकोष्ठतेचे काका ओरडायचे.

"अहो काका, 'राजमा' म्हणाले मी! जेवणात राजमा आहे म्हटलं!"

"पंचाशी वाद घालू नकोस. बाद!"

ज्या माणसांना चार दिवसांत घरी जायचं होतं ती सामना निकाली लागेपर्यंत हटेनात. युदेल्का नावाची पिवळ्यांची एक सिस्टर, आवाज कर्ण्यासारखा आणि हात फुलासारखे, ती तर बघता बघता गावाची हिरॉईन झाली. बाजारात तिला लोक थांबवून स्वतःहून जन्मतारीख सांगायला लागले.

पण एक घोळ राहिलाच. कागदावरचं नाव पुकारलं की निम्मा वॉर्ड ढिम्म. "आल्तासिया! आल्तासिया मोन्तेरो!" युदेल्का कर्णा लावून ओरडली तरी समोरची म्हातारी भिंतीकडे बघत बसलेली. शेवटी नात म्हणाली, "अगं, चिमणीआजी म्हण ना." म्हातारीने लगेच हात पुढे केला.

"मग आल्तासिया कोण?" युदेल्काने विचारलं.

"ती पण मीच," म्हातारी म्हणाली. "पण ते नाव मी फक्त मतदानाला वापरते."

आमच्याकडे हे असंच आहे. नाव सरकारचं, टोपणनाव आपलं. म्हणून नेरेइदा सिस्टरनी तिसरा प्रश्न स्वतःच्या पदरचा घातला, 'घरी काय म्हणतात?', आणि उत्तर पट्टीच्या मागच्या बाजूला लिहायला सुरुवात केली. त्या दिवसापासून चुका अशा घटल्या की मी आकडे दोनदा तपासले. वाटलं, लॅपटॉप बिघडला.

तपासणीच्या आदल्या दिवशी डॉक्टर एस्पिनाल फोटो काढायला आले आणि त्यांनी चुकून एक पट्टी उलटी करून वाचली.

"सिस्टर, इथे 'डुक्कर' लिहिलंय."

"हो डॉक्टर. त्याला घरी तेच म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"त्याची आई."

"त्याच्या आईला मानांकन मिळवायचं नाहीये! राजधानीहून बोनेली बाई येतायत. त्यांच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय: रुग्णाला टोपणनावाने संबोधल्यास 'प्रतिष्ठा' या विभागात शून्य. आणि एका विभागात शून्य म्हणजे अख्खा वॉर्ड नापास. उद्या हा प्रश्न कुणाच्याही तोंडून निघता कामा नये. सगळ्या पट्ट्या नव्या करा."

पट्ट्या नव्या झाल्या. डॉक्टर तेवढ्यावर थांबले नाहीत. दिसायला बरे रुग्ण दाराजवळ, मध्यम प्रतीचे मध्ये, आणि जे फार विव्हळतात ते मागे, अशी त्यांनी वॉर्डाची मांडणी केली. एरवी कोण कुठल्या खाटेवर हे सिस्टर डोळे मिटून सांगत. आता त्या आपल्याच वॉर्डात पाहुण्यासारख्या फिरत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वीज गेली. ती जाणारच होती; पाहुणे आले की आमच्याकडे वीज लाजते. पट्ट्या छापायचं यंत्र बंद, संगणक बंद, पंखे बंद. नव्या रुग्णांच्या पट्ट्या हाताने लिहिल्या: नाव आणि जन्मतारीख, बस. त्यातच इमर्जन्सीतून रक्ताची उलटी झालेला एक माणूस वर आला. संचालकांनी त्याच्याकडे एक नजर टाकली आणि त्याला सगळ्यात मागे, चादरींच्या कपाटाजवळ, पडद्याआड ठेवायला सांगितलं. रक्ताची उलटी दाराजवळ शोभली नसती.

बोनेली बाई आल्या त्या दुपारची पाळी चढताना. बारीक चणीच्या, इस्त्रीच्या, हातात जाड पुस्तिका. चेहरा असा की माणसाने आपोआप शर्टाचं बटण लावावं. पण बाई न्यायी होत्या. हात धुण्याला गुण दिले, जखमांच्या नोंदींना दिले, खाटांच्या कठड्यांना दिले. प्रत्येक खुणेबरोबर अख्खा वॉर्ड "वाह!" म्हणायचा.

"हे लोक कोण आहेत?" त्यांनी विचारलं.

"नातेवाईक," मी म्हणालो.

"मग खुर्च्यांवर निळे-पिवळे झेंडे कशाला?"

"ते रुग्णांचा उत्साह टिकवायला," मी म्हणालो. बाईंनी पुस्तिकेत बघितलं, झेंड्यांविषयी काही सापडलं नाही, पुढे गेल्या.

शेवटचाच विभाग राहिला: रुग्णाची ओळख. आणि त्याच वेळी खालून बर्फाच्या पेटीतून रक्ताची पिशवी आली. चिठ्ठीवर नाव होतं, बिएन्वेनिदो फेलिस मातोस. जन्म सहा जानेवारी. खऱ्याखुऱ्या रक्तावर प्रत्यक्ष परीक्षा! बोनेली बाई लेखणी सरसावून उभ्या राहिल्या. युदेल्काने पिशवी घेतली. खुर्च्या पुढे सरकल्या. वारा घालणारे पुठ्ठे थांबले.

"बिएन्वेनिदो फेलिस मातोस कोण?" ती पाळीवर नुकतीच आलेली, नव्या मांडणीचा वॉर्ड तिला अनोळखी.

"दाराजवळची खाट," कुणीतरी म्हणालं.

दाराजवळ, दिसायला बऱ्या लोकांत पहिला, एक पहाडासारखा माणूस बसला होता. केळ्यांचा ट्रक चालवायचा. मिशी अशी की तिच्यावर टॉवेल वाळत घालावा. हर्नियाचं ऑपरेशन व्हायचं होतं. शेजारी बायको, दुल्से, पुठ्ठ्याने वारा घालत होती.

"तुमचं पूर्ण नाव सांगा," युदेल्का म्हणाली.

"बिएन्वेनिदो फेलिस मातोस."

"जन्मतारीख?"

"सहा जानेवारी." साल सांगितलं, तेही चिठ्ठीवरचंच.

पट्टी बघितली. नाव तेच, तारीख तीच. पिवळ्यांच्या खुर्च्यांतून हुंकार उठला. बोनेली बाई चक्क हसल्या. "निर्दोष," त्या म्हणाल्या आणि लेखणी कागदाला लागली.

मी नेरेइदा सिस्टरकडे बघितलं. त्या हसत नव्हत्या; हर्नियाच्या त्या धडधाकट माणसाकडे आणि रक्ताच्या पिशवीकडे आळीपाळीने बघत होत्या.

"तुमचं गाव कुठलं?" त्यांनी ट्रकवाल्याला विचारलं.

"लोस ग्वानाबानोस. वर डोंगरात."

संचालक खोकले. त्या खोकल्याचा अर्थ वॉर्डात सगळ्यांना कळला. सिस्टरनी पिशवीवरची चिठ्ठी पुन्हा वाचली. एका बाजूला खूण व्हायच्या बेतातली लेखणी, आणि त्या खुणेत आमचं ऑपरेशन थिएटर, आमचं रक्त, डोंगरातला तो रस्ता. दुसऱ्या बाजूला नुसती शंका. नाव जुळलं होतं, तारीख जुळली होती, सगळं नियमाप्रमाणे होतं.

"युदेल्का, पिशवी लावू नकोस," त्या म्हणाल्या. मग ट्रकवाल्याकडे वळून, "घरी तुम्हाला काय म्हणतात?"

वॉर्डात कुणी श्वास घेतला असेल तर तो फक्त नाइलाज म्हणून.

"सिस्टर," बोनेली बाई हळू म्हणाल्या, "हे पुस्तिकेत नाही."

"माहितीये बाई."

"मला शून्य द्यावं लागेल."

"द्या. पण आधी यांना सांगू द्या."

डॉक्टर एस्पिनाल खुर्चीत बसले. ती बद्धकोष्ठतेच्या काकांची खुर्ची होती. काकांनी त्यांना पुठ्ठ्याने वारा घातला.

"मला काही म्हणत नाहीत," ट्रकवाला म्हणाला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"मी यांना 'अहो' म्हणते," दुल्से म्हणाली. मग तिचा पुठ्ठा थांबला. "का हो, आणखी काही आहे?"

"नाही म्हटलं ना!"

"लोस ग्वानाबानोसमध्ये टोपणनाव नसलेला माणूस?" चिमणीआजी ओरडली. "तिथे तर गाढवांनाही असतं!"

आता वॉर्डाला राहवेना. "रेडा असेल! रेडा?"

"हो, रेडा," ट्रकवाला घाईघाईने म्हणाला.

"इंजिन?"

"हो, तेही म्हणतात."

"टकल्या?"

"हो."

"टक्कल कुठाय तुम्हाला?" युदेल्का कडाडली. "हे बघा सिस्टर, हे कशालाही हो म्हणतायत! आणि रक्त गरम होत चाललंय!"

नेरेइदा सिस्टर खाटेवर वाकल्या. "काका, तुमच्या नावाचा दुसरा कुणी असेल आणि हे रक्त त्याचं असेल, तर हे तुम्हाला मारेल. थट्टा नाही ही."

माणूस घामाने डबडबला. बायकोकडे बघितलं, दाराकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं. आणि छाती पुढे काढून म्हणाला, "चढवा."

"अहो!"

"चढवा म्हणतो ना. जे व्हायचं ते होऊ दे."

एक मिशीवाला माणूस मरायला तयार होता, पण टोपणनाव सांगायला नाही. गुणवत्ता समितीच्या प्रशिक्षणात या शक्यतेचा विचार झालेला नव्हता.

आणि तेव्हा बोनेली बाईंनी पुस्तिका मिटली. ती काखेत धरून त्या खाटेच्या कडेला बसल्या, जे पुस्तिकेत स्वच्छतेच्या कारणास्तव निषिद्ध आहे. त्यांनी आवाज खाली आणला, पण त्या शांततेत तो चादरींच्या कपाटापर्यंत गेला.

"मला घरी," त्या म्हणाल्या, "पिसू म्हणतात."

कुणी हसलं नाही. आम्ही सभ्य लोक आहोत.

"अजून?" ट्रकवाल्याने विचारलं.

"अजून. आई, मावश्या, सगळे. लग्नाच्या केकवर पण तेच लिहिलं होतं."

ट्रकवाल्याने त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. एकाच गाडीतून पडलेली माणसं एकमेकांकडे बघतात तसं. मग मिशीतल्या मिशीत काहीतरी म्हणाला.

"मोठ्याने, राजा," नेरेइदा सिस्टर म्हणाल्या, आणि एवढ्या सामन्यांत पहिल्यांदाच कुणी 'बाद' असं ओरडलं नाही.

"बाहुली!" तो गरजला. "बाहुली म्हणतात मला! आईला सहा मुलगे झाले, मुलगी हवी होती! शाळेत जाईपर्यंत फ्रॉक घालायची मला! झालं समाधान?"

दुल्सेने पुठ्ठा तोंडावर धरला. पुठ्ठा हलत होता.

आणि मागून, पडद्याआडून, चादरींच्या कपाटाजवळून, विहिरीच्या तळातून यावा तसा आवाज आला:

"बाहुले? तू आहेस होय गं?"

ट्रकवाल्याचा चेहरा पांढरा पडला, मग उजळला. "बोकड? अरे बोकडा! तू इथे काय करतोयस?"

"मरतोय," आवाज म्हणाला. "सकाळपासून रक्ताची वाट बघतोय. माझं नाव मघाशी कुणीतरी घेतलं, पण हाका मारायला दम नव्हता. आणि बिएन्वेनिदो म्हणजे मीच हे मलाही पटकन आठवत नाही."

युदेल्का पळाली. खरंच पळाली, पिशवी बाळासारखी छातीशी धरून, खाटांमधून, खुर्च्यांमधून, झेंड्यांमधून, आणि तिच्यामागे नेरेइदा सिस्टर, त्यांच्यामागे बोनेली बाई, आणि त्यांच्यामागे, हर्निया हातात सांभाळत, बाहुली. पडदा सरकला. चादरीइतकाच पांढरा एक वाळकुडा माणूस पडला होता. पट्टी बघितली: बिएन्वेनिदो फेलिस मातोस, सहा जानेवारी, साल तेच.

"हे कसं शक्य आहे?" बोनेली बाई ओरडल्या.

"तेलेस्फोरोकाका!" बाहुलीने खुलासा केला. "सगळ्या पोरांची नावं नोंदवायला गावातून काकाच एकदा खाली आला, कचेरीत. वाटेत दोन ठिकाणी थांबला, रमची दुकानं होती. नावं विसरला. मग निम्म्यांना स्वतःच्या बापाचं नाव दिलं, आणि तारीख एकच लावली सगळ्यांना. आम्ही सगळे सहा जानेवारीचे!"

"सगळे म्हणजे किती बिएन्वेनिदो आहेत?"

"चालते-फिरते?" बाहुलीने बोटं मोजायला घेतली आणि सोडून दिलं.

युदेल्का बोकडावर वाकली. फाइल, चिठ्ठी, रक्तगट, आणि मग नियमाप्रमाणे पहिल्यापासून: "तुमचं पूर्ण नाव सांगा. जन्मतारीख सांगा. घरी काय म्हणतात?" शेवटच्या प्रश्नाला सगळ्या वॉर्डाने एकसुरात उत्तर दिलं: "बोकड!" पहिला थेंब उतरला. आणि त्याच क्षणी वीज आली. पंखे फिरले, संगणक टुणटुणला, आणि आमच्याकडे वीज आल्यावर होतो तसा आरोळ्यांचा आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. बोनेली बाईंना वाटलं तो त्यांच्यासाठी आहे. त्यांनी किंचित मान झुकवली. आम्ही तो गैरसमज दूर केला नाही.

मग संचालकांच्या खोलीत निकाल. कॉफी आली, कुणी घेतली नाही. बाहेर व्हरांड्यात अख्खा वॉर्ड, ज्याला उठता येत होतं तो आणि ज्याला उठायची मनाई होती तोही. बोनेली बाई पुस्तिकेचं ते पान उघडून बसल्या होत्या. समोर नेरेइदा सिस्टर उभ्या. मी कोपऱ्यात, सचिव म्हणून, लॅपटॉपवर काहीही न लिहिता.

"सिस्टर," बाई म्हणाल्या, "पुस्तिकेतला शब्द 'संबोधल्यास' असा आहे. तुम्ही रुग्णाला टोपणनावाने संबोधलंत का?"

"नाही बाई. मी फक्त विचारलं."

"मोठ्याने ते नाव कुणी घेतलं?"

"त्याने स्वतः. मग बोकडाने."

"बोकड... म्हणजे ते दुसरे गृहस्थ, शुश्रूषा कर्मचारी आहेत का?"

"नाही बाई. रुग्ण."

"रुग्णांनी एकमेकांना काय म्हणावं याबद्दल पुस्तिका गप्प आहे." त्यांनी पान उलटून खात्री केली. "पण तुम्ही त्यांना 'राजा' म्हणालात. ते मी ऐकलं."

सिस्टरनी मान खाली घातली. "म्हणाले."

"त्याचा अर्धा गुण कापते."

आणि लेखणीने खूण केली. खिडकीला चिकटलेल्या चिमणीआजीने ती बघितली आणि अशी किंचाळली की रस्त्यावरच्या मोटारसायकली थांबल्या. व्हरांड्यात निळे आणि पिवळे एकमेकांच्या गळ्यात पडले. बद्धकोष्ठतेच्या काकांना, मी हे जबाबदारीने सांगतो, त्या आनंदात आराम पडला. नेरेइदा सिस्टर मात्र तिथेच खुर्चीवर बसल्या, थंड झालेली कॉफी एका दमात प्यायल्या आणि म्हणाल्या, "बाहुलीचं हर्नियाचं ऑपरेशन उद्या सकाळी. इथेच." मग डोळे पुसले आणि पुसतच राहिल्या.

बोकड जगला. बाहुलीला बायको आता बाजारातसुद्धा बाहुलीच म्हणते आणि तो वळून बघतो.

काही महिन्यांनी राजधानीहून परिपत्रक आलं. अभ्यासान्ती असं आढळून आलं आहे, असं त्यात होतं, की रुग्णाची ओळख पटवताना नाव आणि जन्मतारखेबरोबर 'घरगुती नाव' विचारणं उपयुक्त ठरतं. तरी सर्व इस्पितळांनी ही आधुनिक पद्धत अवलंबावी. ती आम्हाला शिकवायला एक तज्ज्ञ गृहस्थही आले. नेरेइदा सिस्टर पहिल्या रांगेत बसून टिपणं घेत होत्या. मी विचारलं, काय लिहिताय, तर म्हणाल्या, "किराणा."

परिपत्रकाच्या शेवटी पट्टीचा नमुना छापला होता. नाव आणि जन्मतारीख या रकान्यांत नुसती टिंबं होती. घरगुती नावाच्या रकान्यात मात्र, उदाहरणादाखल, लिहिलं होतं: पिसू.